बाहुली जरूर घ्या, पण दुकानात जाण्याआधी

प्रश्न

आदरणीय ताई, सा. न. वि. वि.

आम्ही गेली अकरा वर्षे न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगी पुढच्या महिन्यात आठ वर्षांची होईल. तिच्या वर्गातल्या तीन मैत्रिणींकडे 'अमेरिकन गर्ल'च्या बाहुल्या आहेत. त्यांपैकी एकीचा वाढदिवस मागच्या महिन्यात न्यूयॉर्कला, त्या बाहुल्यांच्या दुकानातल्या कॅफेत झाला. ज्या मुलींकडे स्वतःची बाहुली नव्हती त्यांना जेवणापुरती एकेक बाहुली शेजारी बसवायला दिली होती. माझ्या मुलीलाही मिळाली. निघताना तिने ती निमूटपणे परत केली आणि घरी येईपर्यंत गाडीत एक शब्दही बोलली नाही. रात्री झोपताना एवढेच विचारले, "आई, माझ्यासारखी दिसणारी पण मिळते का गं?"

पैशांची तशी अडचण नाही. पण शंभर डॉलरहून जास्त किमतीची बाहुली, वर तिचे कपडे, तिची केशरचना, हे सारे मनाला पटत नाही. हे म्हणतात, "घेऊन टाकू, विषय संपेल." सासूबाई सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आल्या आहेत, त्या म्हणतात, "आम्ही चिंध्यांच्या बाहुल्यांशी खेळलो, आमचं काय बिघडलं?" वाढदिवसाला तिला त्या दुकानात न्यावे का? नेले तर फाजील लाड होतील आणि न नेले तर तिचे मन मोडेल, अशा कात्रीत सापडले आहे.

— एक आई, एडिसन

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा तुमच्या मुलीच्या गाडीतल्या गप्प बसण्यापाशी अडले. तुम्हाला त्यात हट्टाची सुरुवात दिसली असावी, आणि मैत्रिणींकडे आहे ते आपल्याकडे नाही याचे वाईट तिलाही वाटले असणारच. पण तिने रडून गोंधळ घातला नाही, 'मला घेऊन दे' असेही म्हटले नाही. तासभर जिला शेजारी बसवले, जिच्यापुढे कप सरकवला, जिचा झगा नीट केला, तिला परत देऊन ती घरी आली. दुकानाने बाहुली दिली ती आपुलकीनेच दिली, त्यामुळे कोणी मूल एकटे पडले नाही. तरीही आठ वर्षांच्या मुलीला उसनी वस्तू आणि सांभाळलेली वस्तू यांतला फरक पक्का कळतो, आणि तो त्या दिवशी तिला कळला. म्हणून मी या गोष्टीकडे आधी लाडांचा प्रश्न म्हणून पाहणार नाही.

तुम्ही 'बाहुली घ्यावी का' आणि 'दुकानात न्यावे का' हे दोन प्रश्न एकाच दाव्याला बांधले आहेत. माझे मत असे आहे की बाहुली घ्यावी, ती दुकानात जाण्याआधी घरी आणावी, आणि दुकानात जायचेच असेल तर वाढदिवसानंतर, ती बाहुली कडेवर घेऊन जावे. असे का म्हणते, ते सविस्तर सांगते, कारण ही बाहुली कशी जन्मली आणि ती दुकाने कशी चालतात हे ठाऊक असल्याशिवाय नुसता सल्ला तुमच्या उपयोगी पडणार नाही.

'अमेरिकन गर्ल' बाहुल्या काढणारी प्लेझंट रोलंड ही बाई मूळची शिक्षिका. पुढे तिने दूरदर्शन वाहिनीवर वार्ताहर म्हणून काम केले आणि शाळांसाठी भाषेची पाठ्यपुस्तके लिहिली. १९८४ साली ती नवऱ्याबरोबर व्हर्जिनिया राज्यातल्या कोलोनियल विल्यम्सबर्गला गेली होती. अठराव्या शतकातले आख्खे गाव तिथे त्या काळच्या घरांसह, कारागिरांसह, पोशाखांसह उभे ठेवलेले आहे. इतिहास असा डोळ्यांपुढे हलताबोलता दिसला की मुलांना तो किती आपला वाटेल, हे तिच्या मनात बसले. त्याच वर्षी नाताळात आठ आणि दहा वर्षांच्या दोन भाच्यांसाठी ती बाहुल्या शोधत होती, तर दुकानांत एकीकडे बार्बी आणि दुसरीकडे कॅबेज पॅच. एक वयात आलेली तरुणी, दुसरे तान्हे बाळ. या दोहोंच्या मधल्या वयाची, म्हणजे बाहुलीशी खेळणाऱ्या मुलीच्याच वयाची बाहुली कुठेही नव्हती. त्या पोकळीतून १९८६ साली विस्कॉन्सिनमधल्या मिडलटन गावी प्लेझंट कंपनी निघाली.

पहिल्या वर्षी तिघी होत्या, प्रत्येकी अठरा इंच उंचीच्या आणि सगळ्या साधारण नऊ वर्षांच्या. कर्स्टन ही १८५४ साली स्वीडनहून जहाजाने मिनेसोटाला आलेली, समँथा ही १९०४ सालातली श्रीमंत आजीकडे वाढणारी पोरकी मुलगी, आणि मॉली ही १९४४ सालातली, जिचे डॉक्टर वडील युद्धावर इंग्लंडला गेले आहेत. प्रत्येकीची स्वतःची गोष्ट पुढे सहा छोट्या पुस्तकांत सांगितली गेली, आणि बाहुलीबरोबर मिळणारी वस्तू ही त्या गोष्टीतलीच वस्तू असे. दुकान नव्हतेच. घरी टपालाने कॅटलॉग यायचा आणि मुली तो पालथे पडून पानन् पान वाचायच्या. त्या पहिल्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्येच सुमारे १७ लाख डॉलरची विक्री झाली.

इथे थोडे थांबते, कारण तुमचा सारा राग किमतीवर आहे आणि या पुस्तकांचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. समँथाची एक मैत्रीण आहे, नेली, जी शेजारच्या घरी घरकामाला आहे आणि त्याआधी कारखान्यात राबलेली आहे. समँथाला शाळेत प्रगतीवर भाषण करायचे असते. कारखान्यांनी जग किती सुखी केले असे ती लिहून काढते, आणि मग नेली तिला कारखान्याच्या आत काय चालते ते सांगते. समँथा भाषण बदलते. आठ-नऊ वर्षांच्या वाचकाला बालमजुरी इतक्या सरळपणे सांगणारे लेखन मला फार मोलाचे वाटते. १९९३ साली आलेली अ‍ॅडी ही १८६४ सालातली, नॉर्थ कॅरोलायनातल्या मळ्यावर गुलामगिरीत जन्मलेली मुलगी आईबरोबर पळून फिलाडेल्फियाला पोहोचते. त्या मालिकेसाठी कंपनीने कृष्णवर्णीय इतिहासाच्या जाणकारांचे सल्लागार मंडळ नेमले होते. २००२ साली काया आली, १७६४ सालातली, नेझ पर्स या आदिवासी समाजातली. बाकीच्या बाहुल्यांचे पुढचे दोन दात दिसतात, कायाचे ओठ मात्र मिटलेले आहेत, कारण दात दाखवणे त्या समाजात आक्रमकपणाचे लक्षण समजतात. एका बाहुलीच्या मिटलेल्या ओठांसाठी चेहऱ्याचा नवा साचा करणे, ही साधी गोष्ट नाही.

१९९१ साली आलेल्या फेलिसिटीची गोष्टही अशीच. ती १७७४ सालातल्या विल्यम्सबर्गची. त्या काळच्या झग्यांचे गळे खोल असत, आणि तोवरच्या बाहुल्यांचे कापडी धड पांढऱ्या मलमलीचे होते, ते गळ्यातून दिसले असते. म्हणून धडाचे कापड त्वचेच्या रंगाच्या जवळ जाणारे केले गेले, आणि पुढे सगळ्याच बाहुल्यांना तसे धड आले. इतिहास नेमका असावा म्हणून शिवणकाम बदलणारी माणसे या बाहुलीमागे होती, हे तुम्ही लक्षात घ्यावे असे मला मनापासून वाटते.

आता दुकानाकडे वळते. रोलंडने सुरुवातीला आयांचा एक गट बोलावून आपली कल्पना समजावून सांगितली, तेव्हा ती कुणालाच फारशी आवडली नव्हती. मग बाहुली, तिचे कपडे आणि पुस्तक समोर ठेवले, आणि त्याच बायकांचे मत पालटले. कानांनी ऐकून जे पटत नाही ते हातात घेतल्यावर पटते, आणि ही दुकाने याच अनुभवाचे मोठे रूप आहेत. १९९८ साली बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने ही कंपनी ७० कोटी डॉलरना विकत घेतली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात शिकागोला पहिले मोठे दुकान उघडले. न्यूयॉर्कचे दुकान २००३ साली फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर सुरू झाले आणि २०१७ साली रॉकफेलर सेंटरला गेले. तुमची मुलगी गेली होती ते हेच. सुरुवातीच्या वर्षांत तर दुकानातच लहानसे नाट्यगृह होते आणि पुस्तकांतल्या मुलींवर गाण्यांचा प्रयोग होत असे. २००८ साली ते प्रयोग बंद झाले. कॅफे, केशरचनेचे दालन आणि बाहुल्यांचे हॉस्पिटल मात्र या अनुभवाचा भाग म्हणून राहिले.

काही वर्षांपूर्वी बहिणीच्या नातीला घेऊन मी शिकागोच्या दुकानात गेले होते. कॅफेतल्या टेबलाच्या कडेला अडकवता येईल अशी छोटी खुर्ची आणून त्यांनी तिची बाहुली तिच्या शेजारी बसवली, आणि बाहुलीपुढे चिमुकली कपबशी मांडली. पोरीचा चेहरा असा उजळला की मलाही तिथून उठवेना. त्यानंतर आम्ही केशरचनेच्या दालनात गेलो. तिथे बाहुलीला तिच्या मापाच्या उंच खुर्चीत बसवतात, गळ्याभोवती वस्त्र बांधतात आणि दालनातली बाई सफाईने वेण्या घालते. हव्या असल्यास बाहुलीचे कानही टोचून मिळतात. काम अगदी नीटस होते, वागणे प्रेमळ होते. पण माझे लक्ष नातीकडे गेले. ती मागे हात बांधून उभी होती. घरी रोज स्वतःच्या हाताने, वेड्यावाकड्या का होईनात, जिच्या वेण्या ती घालत असे, तिचे केस दुसरे कोणी विंचरत होते आणि ही बघत होती. वेण्या झाल्यावर तिने बाहुली घेतली, पण सुबक केसांना धक्का लागेल म्हणून दोन दिवस ती तिला नीटशी कुशीतही घेईना.

तिथे पैसे देऊन मिळते ती बाहुलीची देखभाल, आणि ती इतक्या जिव्हाळ्याने केली जाते की पैसे देताना वावगे वाटत नाही. बाहुलीला भरवणे, न्हाऊमाखू घालणे, दुखले-खुपले पाहणे हे तर मुळात खेळणाऱ्या मुलीचे काम. ते काम दुकानाने करून दिले की खेळ तेवढा कमी होतो. एखाद्या दिवशी तो समारंभ म्हणून करावा, त्यात मला काहीच गैर वाटत नाही. बाहुलीशी ओळखच दुकानात झाली तर मात्र मुलीला असे वाटू लागते की माया करायची म्हणजे काहीतरी विकत घ्यायचे. म्हणून क्रम महत्त्वाचा. बाहुली आधी घरची होऊ दे, तिचे नाव, तिची झोपायची जागा, तिच्या खोड्या ठरू देत, आणि मग ती पाहुणी म्हणून दुकानात जाऊ दे.

हॉस्पिटलबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. सैल झालेले हातपाय घट्ट करून देणे, बिघडलेले डोळे बदलून देणे हे खरे दुरुस्तीचे काम आहे, आणि बाहुली तिथून रुग्णाच्या झग्यात, बरी झाल्याच्या दाखल्यासह परत येते. मोडलेली वस्तू टाकून न देता दुरुस्त करायची असते हे मुलीला शिकवणारा हा खर्च मी आनंदाने केला असता.

तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न तुम्ही पत्रात लिहिलात, पण त्याचे तिला काय उत्तर दिले ते लिहिले नाही. हो, मिळते. २००१ सालापासून कंपनी चालू काळातली 'गर्ल ऑफ द इयर' आणते, आणि २०२३ सालची मुलगी होती काविका शर्मा, घरात सगळ्यांची कावी. दक्षिण आशियाई वंशाची ही पहिलीच. ती राहते कुठे, तर मेटचनला, म्हणजे तुमच्या एडिसनच्या अगदी मधोमध असलेल्या गावात! तिला ब्रॉडवेची नाटके आवडतात आणि हिंदी चित्रपटांतली नृत्येही. ज्या रस्त्यांवरून तुम्ही वाणसामान आणायला जाता त्याच परिसरातली मुलगी बाहुली म्हणून, गोष्टीसह, कुणीतरी कल्पिली, याचे मोल तुमच्या मुलीला आपण मोठ्यांपेक्षा जास्त कळेल. वर्षाची बाहुली कायम विक्रीत राहत नाही, तेव्हा कावी नवी मिळेलच असे गृहीत धरू नका आणि चौकशी करून मगच मुलीपुढे तिचे नाव काढा. ती न मिळाल्यास वर्ण, केस आणि डोळे निवडून घेता येणाऱ्या बाहुल्याही आहेत. ऐकू कमी येणाऱ्या मुलीसाठी श्रवणयंत्र लावलेली, केस गेलेल्या मुलीसाठी बिनकेसांची, चाकाच्या खुर्चीतली, अशा बाहुल्याही त्यांनी आणल्या आहेत, आणि त्या दालनासमोर एखादे मूल 'ही माझ्यासारखी' म्हणून थबकलेले मी पाहिले आहे.

तरीपण, 'माझ्यासारखी' म्हणजे दिसायलाच सारखी, असे तिच्या वतीने ठरवून टाकू नका. कर्स्टनची गोष्ट तिला वाचून दाखवा. बोटीवरून उतरलेली, इंग्रजी न येणारी, शाळेत बाईंपुढे गप्प उभी राहणारी ती मुलगी सोनेरी केसांची असली तरी तिच्या घरातले प्रश्न तुमच्या घराला ओळखीचे वाटतील. नव्या देशात येऊन बोली, जेवण, सण सांभाळणारे आईबाप म्हणजे काय, हे तिला या गोष्टीतून कदाचित तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा सहज कळेल. एक आधी सांगून ठेवते, प्रवासात कर्स्टनची मैत्रीण कॉलऱ्याने जाते, आणि अ‍ॅडीच्या पुस्तकात मळ्यावरचा छळ स्पष्ट आहे. म्हणून ही पुस्तके तिच्या हाती देऊन बाजूला होऊ नका, जवळ बसून वाचा.

त्यासाठी खर्चही नको. तुमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात ही पुस्तके आहेत का ते पाहा, अमेरिकेतल्या ग्रंथालयांत ती सहसा असतात. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेतून तर एके काळी कर्स्टन बाहुलीच पुस्तकासारखी घरी नेता येत असे, आणि ज्यांना बाहुली परवडत नव्हती अशा कितीतरी मुलींच्या घरी ती राहून आली. वाढदिवसाला महिना आहे. या महिन्यात दोन-तीन मुलींच्या गोष्टी वाचून होतील आणि कोण हवी हे तिचे तिलाच कळेल.

पैशांचे बोलते. बाहुलीची किंमत एकदाच मोजायची असते, कपड्यांची आणि सामानाची किंमत मात्र वर्षानुवर्षे चालू राहते, आणि ती मुलीला सांगितली जात नाही म्हणूनच दर वेळी वाद होतो. तिला आत्ताच सांगा की बाहुली आई-बाबांकडून, आणि त्यापुढे वर्षाला अमुक इतके. आकडा तुम्ही ठरवा, पण तो मोडू नका. जुनी बाहुली घेण्यातही काही कमीपणा नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ज्या मुली त्यांच्याशी खेळल्या त्यांच्या घरून आता त्या विकायला निघतात. जुनी घेताना डोळे मिटतात-उघडतात का, त्यांवर चंदेरी झाक आली आहे का, उभी केली तर हात आणि पाय लोंबतात का, केस मुळापासून विरळ झालेत का आणि कापडी धडाला ओलीचा वास येतो का, एवढे पाहा. तुम्ही स्वतः विसाव्या शतकाच्या अखेरीस शाळेत होतात असा माझा अंदाज आहे. कंपनीने २०२३ साली इतिहासातल्या मुली म्हणून आणलेल्या जुळ्या बहिणी १९९९ सालातल्या आहेत. मुलीबरोबर त्यांची गोष्ट वाचताना तुमच्या शाळेतल्या आठवणी आपोआप निघतील.

तुमचे यजमान म्हणतात तसा घेऊन टाकल्याने विषय संपणार नाही, तो तिथून सुरू होईल, हे त्यांना माझ्या वतीने सांगा. बाहुलीचे खोके उघडताना त्यांनी घरात असावे आणि शक्यतो एखादे पुस्तक तिला त्यांनीच वाचून दाखवावे. बाहुलीशी खेळणे हे आईच्या खात्यात टाकून बाप सुटतो, असे मी अनेक घरांत पाहिले आहे आणि मुलींना ते जाणवते.

आता सासूबाई. त्यांच्या बोलण्याला तुम्ही टोमणा समजला असाल तर तसे करू नका. चिंध्यांच्या बाहुलीला त्यांनी स्वतः डोळे काढले असतील, भातुकलीत तिला जेवू घातले असेल, शेजारच्या बाहुल्याशी तिचे लग्न लावून वरातही काढली असेल. मी वर जे देखभालीबद्दल इतके लांबलचक लिहिले, ते त्यांना न सांगताही ठाऊक आहे. म्हणून नव्या बाहुलीचे कपडे करण्याचे काम त्यांच्याकडे सोपवा. विचारा मात्र विनंती म्हणून, वेळ घालवायला काहीतरी दिले असे त्यांना वाटता कामा नये.

माझा हिशेब देते. पाच फूट उंचीच्या बाईला नऊ वार लागतात, बाहुली दीड फुटाची, म्हणजे साधारण तीन दशांश. तेव्हा पन्हा साडेतेरा इंच आणि लांबी सुमारे अडीच मीटर धरली तर नऊवारी बसते. कापड मात्र धुऊन धुऊन मऊ झालेली जुनी सुती साडी किंवा मलमल हवी. नवे कापड निऱ्यांपाशी फुगते आणि कासोटा बसत नाही. अरुंद काठाची साडी कापताना एक काठ राखता आला तर उत्तम. बाहुलीचे हातपाय सांध्यात फिरतात पण गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे नेसवताना तिला पालथी झोपवून मागचा कासोटा आधी बेतावा. चोळीला मागून चिकटपट्टी (व्हेल्क्रो) लावली तर मुलीला स्वतःची स्वतः घालता-काढता येईल.

सासूबाईंना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा, नाहीतर मायेपोटी नुकसान होईल. बाहुलीच्या केसांना तेल लावायचे नाही. ते टोपासारखे बसवलेले कृत्रिम केस आहेत, तेलाने चिकट होतात आणि पुन्हा सुटत नाहीत. तारेच्या दातांचा ब्रश घ्यावा, केसांवर पाण्याचा हलका फवारा मारावा आणि टोकांपासून वर वर विंचरत जावे. माणसांचा कंगवा वापरू नये. आणि तिला न्हाऊ घालायचे नाही, कारण धड कापडी आहे, आत मऊ भरण आहे, ते भिजले की लवकर वाळत नाही. चेहरा आणि हातपाय ओल्या फडक्याने पुसता येतात.

वाढदिवस घरीच करा. त्या तिन्ही मैत्रिणींना त्यांच्या बाहुल्यांसह बोलवा आणि भातुकली मांडून बाहुल्यांनाही चिवडा-लाडू वाढा. साताऱ्याच्या आजी घरात असताना याहून मोठा समारंभ कोणते दुकान करील, असे मला वाटत नाही. चार-सहा आठवड्यांनी, सुट्टीच्या दिवशी, कॅफेत जागा राखून तिला न्यूयॉर्कला न्या. निघण्याआधी सांगा की आज आपण जेवणार आहोत आणि एक वस्तू घेणार आहोत, ती तू आणि बाहुलीने ठरवायची. जेवण आधी ठेवा, खरेदी शेवटी. वेण्या घरून घालून न्या, तिच्याच हातच्या. सासूबाईंनाही बरोबर घ्या.

आणि हे सगळे सुरू करण्याआधी, शक्यतो आजच झोपताना, तिला एक विचारा, त्या दिवशी कॅफेत तुझ्या शेजारी बसलेल्या बाहुलीचे नाव तू काय ठेवले होतेस? माझी खात्री आहे की तिने नाव ठेवले होते. ते तिला सांगू दे. ती बाहुली कशी होती, केस कसे होते, तिने काय खाल्ले, हे सारे विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. ती सांगत असताना तिला कोणती बाहुली हवी आहे ते तुमच्या लक्षात येईल, आणि कदाचित तिला तेच नाव पुन्हा ठेवायचे असेल.